अपघातात प्लीहा काढलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती : लसी कधी, जेवण काय, ताप आला तर काय?

गावचा_डॉक्टर (गडचिरोली जिल्हा)

रुग्ण पुरुष, वय ३४, वजन ६० किलो. मोटारसायकलचा अपघात. प्लीहा (स्प्लीन, रक्त गाळणारा पोटातला अवयव) फुटल्यामुळे काढून टाकावी लागली, डाव्या मांडीच्या हाडात नेल (धातूची सळई) घातला आहे, डावीकडच्या तीन बरगड्या मोडल्या आहेत. आज शस्त्रक्रियेनंतरचा सोळावा दिवस, रुग्ण घरी आला आहे. ताप नाही. हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी १४,०००, प्लेटलेट ९.२ लाख, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.६, साखर ठीक. एनोक्सापॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) ४० मिग्रॅ रोज चालू आहे. डिस्चार्ज कार्डावर लसींचा उल्लेख नाही, फोनवर विचारल्यावर दिल्या नसल्याचं कळलं.

घरच्यांनी 'इम्युनिटी वाढायला हवी' म्हणून गुळवेलीच्या गोळ्या, झिंक ५० मिग्रॅ, व्हिटॅमिन सी आणि डब्यातली पावडर सुरू केली आहे. जोडीला डाळ, अंडी, मासे बंद, कारण जखमेत पू होईल अशी भीती. पेज, साबुदाणा आणि पायाचं सूप एवढंच चालू आहे.

मला हवं आहे ते असं : लसींचा नेमका क्रम आणि अंतर, प्रथिनांचा हिशेब इथल्या जेवणात बसवून, आणि ताप आला तर माझ्या दवाखान्यात पहिल्या तासात काय करायचं. आयसीयू असलेलं हॉस्पिटल रस्त्याने दीड तासावर आहे.

---

शल्यक

डॉक्टर, रक्ताच्या आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण घाबरून अँटिबायोटिक चालू होतं ते तिथेच. प्लीहा काढल्यावर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी वाढणं अपेक्षित आहे. नुसत्या १४,००० वरून संसर्ग ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर असतील आणि प्लेटलेट भागिले पांढऱ्या पेशी हे गुणोत्तर २० च्या खाली असेल, तर संसर्ग शोधायला लागा. तुमच्या रुग्णाचं गुणोत्तर ६५ च्या आसपास आहे, ताप नाही. आज काही करायचं नाही. प्लेटलेट १० लाखांच्या वर गेल्या तर अ‍ॅस्पिरिनचा विचार सर्जनशी बोलून करा, एनोक्सापॅरिन चालू असताना स्वतःहून सुरू करू नका. डावा खांदा दुखणं, उचकी आणि हलका ताप असं त्रिकूट दिसलं तर डायफ्रॅमखाली (छाती-पोटामधल्या पडद्याखाली) पू साचलाय का हे सोनोग्राफीत बघा, स्वादुपिंडाच्या शेपटाला मार लागलेला असू शकतो. पोटदुखी वाढत गेली तर गुठळी शोधायला पोर्टल व्हेनचा (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेचा) डॉपलर.

आता लसी. प्लीहा गेली की ज्या जीवाणूंना पॉलिसॅकराइडचं आवरण असतं ते रक्तातून गाळले जात नाहीत : न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी. अशा जीवाणूंविरुद्ध झटपट आयजीएम (पहिल्या फळीची प्रतिपिंडं) तयार करणाऱ्या बी पेशीही प्लीहेच्या मार्जिनल झोनमध्ये असतात, त्याही गेल्या. लस शस्त्रक्रियेनंतर १४ दिवसांनी द्यायची ती एवढ्यासाठी, की पहिल्या दोन आठवड्यांत शरीर जखमेच्या धक्क्यात असतं आणि प्रतिसाद कमी येतो. तुमचा सोळावा दिवस आहे, म्हणजे वेळ अगदी योग्य. (रुग्ण परत येईल याची खात्री नसेल तर १४ दिवसांची वाट न बघता डिस्चार्जच्या आधीच द्यावी. न दिलेल्या लसीपेक्षा थोडी कमी चालणारी लस कितीतरी बरी.)

क्रम असा ठेवा. आज पीसीव्ही-१३ (न्यूमोकॉकसची लस), ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. आजच दुसऱ्या दंडात हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बीची लस), तीही ०.५ मिली, एकच डोस. मेनिंगोकॉकल एसीडब्ल्यूवाय लस कोणत्या नावाची मिळते ते खोक्यावर वाचा. मेनॅक्ट्रा असेल तर पीसीव्हीनंतर किमान ४ आठवडे थांबायचं, कारण एकत्र दिल्यास न्यूमोकॉकसचा प्रतिसाद घटतो. मेनव्हिओ असेल तर आजच चालेल. दोन्हींपैकी जी द्याल तिचा दुसरा डोस ८ आठवड्यांनी. पीसीव्हीनंतर ८ आठवड्यांनी पीपीएसव्ही-२३ (न्यूमोकॉकसचीच दुसरी लस), आणि ती ५ वर्षांनी पुन्हा एकदा. मेनिंगोकॉकल दर ५ वर्षांनी. फ्लूची लस दरवर्षी, इंजेक्शनचीच, नाकातला फवारा नको. पीसीव्ही-२० मिळाली तर एकच डोस, मग पीपीएसव्हीची गरज उरत नाही.

चुका कुठे होतात? एक म्हणजे दुकानात पीपीएसव्ही-२३ सहज मिळते म्हणून तीच आधी टोचली जाते. तसं झालं तर पीसीव्हीसाठी एक वर्ष थांबावं लागतं. दुसरी म्हणजे हिब सुटी मिळत नाही म्हणून बाळांची पेंटाव्हॅलंट प्रौढाला दिली जाते. तिच्यात होल-सेल पर्ट्युसिस असतं, ती मोठ्यांना द्यायची नाही. हिब मागवायला चार-आठ दिवस लागले तर लागू देत, पीसीव्ही अडवून ठेवू नका. तिसरी, धनुर्वाताची. अपघाताच्या दिवशी टीडी दिला होता का ते कागदावर शोधा. नसेल तर तोही आज.

एनोक्सापॅरिन चालू असलं तरी स्नायूत टोचता येतं. २३ गेज किंवा त्याहून बारीक सुई, नंतर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही.

---

औषध_भांडार

शल्यक सरांनी सांगितलेल्या लसी तालुक्याला नेताना एका गोष्टीकडे लक्ष द्या : २ ते ८ अंश सेल्सिअस. पीसीव्ही, पीपीएसव्ही, हिब यांना उष्णतेइतकीच गोठण्याची भीती आहे. डीप फ्रीजरमधून काढलेल्या टणक आइसपॅकवर खोकी ठेवली की लस वाया जाते, आणि वरून काही कळत नाही. आइसपॅक बाहेर ठेवून आत पाणी हलल्याचा आवाज येईपर्यंत थांबा, मग व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरा. लस थेट पॅकला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. पीसीव्हीची सिरिंज देण्यापूर्वी हलवून एकसारखी पांढरट करून घ्या. गुठळ्या राहिल्या तर वापरू नका.

आता घरच्यांच्या गोळ्यांबद्दल.

गुळवेल बंद करा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये स्वप्रतिकारक हेपॅटायटिससारखी यकृताची इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं आहे. रक्त भरलेल्या, भूल घेतलेल्या, पॅरासिटामॉल चालू असलेल्या माणसाला कावीळ झाली तर कारण शोधता शोधता नाकी नऊ येतील. झिंक ५० मिग्रॅही बंद. प्रौढाची वरची सुरक्षित मर्यादा दिवसाला ४० मिग्रॅ आहे. महिनोन्महिने त्यावर गेलं की तांब्याचं शोषण अडतं, आणि तांबं कमी झालं की न्यूट्रोफिल कमी होतात. ज्या पेशी वाढवायच्या म्हणून गोळी घेतली, त्याच घटतात. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णांत जखमेतून झिंक, तांबं, सेलेनियम वाहून जातं, तिथे भरपाई करावी लागते. हा रुग्ण भाजलेला नाही.

व्हिटॅमिन सी रोज ५०० मिग्रॅपर्यंत नुकसान करणार नाही, पण फायद्याची अपेक्षा धरू नका. शिरेतून मोठे डोस देण्याची लाट येऊन गेली. २०२२ च्या लोव्हिट चाचणीत सेप्सिसच्या रुग्णांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण व्हिटॅमिन सी दिलेल्यांत जास्त निघालं. शिवाय मोठ्या डोसनंतर काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात. तेवढ्यावर इन्सुलिन टोचलं तर अनर्थ होतो.

हळदीचं दूध चालेल. काळी मिरी घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल नकोत, रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू आहे. आणि दुखण्यासाठी कुणी बिनलेबलच्या पुड्या आणून देत असेल तर त्या आधी काढून घ्या. त्यांत स्टिरॉइड निघतं, आणि प्लीहा नसलेल्या माणसाला छुपं स्टिरॉइड म्हणजे उरलेलं कुंपणही काढून टाकणं.

डिस्चार्जच्या कागदावर पँटोप्राझोल (आम्ल दाबणारी गोळी) आहे का? बहुधा असेल. आयसीयूत अल्सर होऊ नये म्हणून सुरू केलेलं असतं आणि मग वर्षभर कुणी काढत नाही. पोटातलं आम्ल जंतू मारतं. ते दाबून ठेवलं की न्यूमोनिया आणि क्लॉस्ट्रिडियमच्या जुलाबांचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक चालू नसेल आणि अल्सरचा इतिहास नसेल तर थांबवा.

---

आहार_विभाग

डाळ, अंडी, मासे बंद आणि पेज-साबुदाणा चालू, हे या धाग्यातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलं. गंभीर इजेनंतर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन वाढलेलं असतं, शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यातून अमिनो आम्लं काढतं. त्यांतूनच यकृत बचावाची प्रथिनं बनवतं, लिम्फोसाइट वाढतात, जखम भरते. बाहेरून आलं नाही तर मांडीचा आणि श्वासाचा स्नायू खर्ची पडतो. खोकायची ताकद गेली की न्यूमोनिया.

हिशेब : ६० किलोला दीड ग्रॅम प्रति किलो, म्हणजे दिवसाला ९० ग्रॅम प्रथिनं. उष्मांक ३० प्रति किलो, म्हणजे १८००. मूत्रपिंड ठीक आहे का ते क्रिएटिनिन बघून ठरवा. 'जितकं जास्त तितकं चांगलं' हेही खरं नाही. २०२३ च्या एफर्ट चाचणीत अतिगंभीर रुग्णांना किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं देऊन फायदा झाला नाही, मूत्रपिंडाला इजा असलेल्यांना तोटा झाला.

पेजेच्या एका भांड्यात दीड-दोन ग्रॅम प्रथिनं असतात. साबुदाण्यात जवळपास काहीच नाही. पायाच्या सुपात जिलेटिन असतं, त्यात ट्रिप्टोफॅन नाही, त्यामुळे ते पूर्ण प्रथिन म्हणून मोजू नका. आवडत असेल तर पिऊ दे, जेवणाऐवजी नको.

तुमच्याकडच्या भातखाऊ घरात बसेल असा दिवस (सगळी वजनं कच्ची, मासळी साफ केलेली) :

सकाळी उठल्यावर दूध २०० मिली आणि भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम : १४ ग्रॅम. नऊ वाजता दोन उकडलेली अंडी आणि एक ज्वारीची भाकरी : १६ ते १७. दुपारी ७५ ग्रॅम तांदळाचा भात, ४० ग्रॅम तुरीचं घट्ट वरण आणि तळ्यातली मासळी १०० ग्रॅम : ३३. चार वाजता दही १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम हरभऱ्याची उसळ : ११. रात्री पुन्हा तेवढाच भात आणि २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा : १८. बेरीज ९२-९३. फोडणी-भाजीला दिवसाचं ३० ग्रॅम तेल धरलं की उष्मांकही भरतात.

मासळी नसेल त्या दिवशी तीन अंडी जास्त. भूक नसेल तर ताट मोठं करू नका, वेळा वाढवा. वरण पातळ केलं की पोट पाण्याने भरतं, म्हणून डाळ मोजून घालायला सांगा. ४० ग्रॅम म्हणजे साधारण तीन सपाट पोहेचमचे. लाखोळीची डाळ घरात असेलच. रोजच्या प्रथिनांचा भार तिच्यावर टाकू नका, तूर-मूग-हरभरा धरा.

डब्यातल्या पावडरीचं लेबल उलटं करून १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती ते वाचा. माल्टच्या पेयांत ७ ते १२ असतात, बाकी साखर. साधी साय काढलेल्या दुधाची पावडर ३० ग्रॅम घेतली तर १० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि खर्च बराच कमी. ती वरणात, खिरीत, कणकेतही मिसळते.

अल्ब्युमिन २.६ बघून 'कुपोषण' असा शिक्का मारू नका. इजेच्या दाहामुळे ते उतरतं आणि दाह ओसरल्यावर वर येतं. अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवून प्रतिकारशक्ती येत नाही. त्याऐवजी आठवड्याला वजन आणि दंडाचा घेर मोजा.

जखमेत पू होण्याबद्दल घरच्यांना एवढंच सांगा, की पू जंतूंमुळे होतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी डाळ-अंड्यातूनच तयार होतात. त्यांच्या पथ्यातलं जे चालण्यासारखं आहे ते राहू द्या (वांगं, आंबट नको म्हणत असतील तर नको), म्हणजे डाळ-अंड्यावर ते ऐकतात.

---

अतिदक्षता_सिस्टर

घरी आल्यावरही जंतूंच्या वाटा बंद करणं हेच निम्मं काम आहे. लघवीची नळी असेल तर आजच काढा. हातातली सलाईनची सुई 'लागेल' म्हणून ठेवलेली असेल तर तीही काढा.

बरगड्यांचं बघा. दुखतं म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकत नाही, डाव्या फुप्फुसाचा तळ मिटतो आणि तिथे न्यूमोनिया होतो. प्लीहा नसलेल्या माणसात तो न्यूमोकॉकसचा असेल तर तासांचा प्रश्न असतो. वेदनाशामक वेळेवर, दुखल्यावर नाही. गोळीनंतर ३०-४० मिनिटांनी तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) जागेपणी दर तासाला दहा श्वास. श्वास आत ओढायचा, फुंकायचा नाही. निम्मे रुग्ण फुंकत असतात, समोर बसून करून घ्या. वर आलेला चेंडू तीन सेकंद धरायचा. मग उशी डाव्या बरगड्यांवर दाबून दोनदा खोकायचं.

दिवसा खाटेवर पडू द्यायचं नाही. खुर्चीत बसवा, सर्जनने सांगितलेल्या वजनाने वॉकर धरून चालवा. दात रोज दोनदा ब्रशने घासा. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांची आता शिफारस नाही, साधा ब्रश पुरतो. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद. मी हे सगळ्यांत शेवटी लिहिलं, पण हाडाच्या बाबतीत ते पहिलं आहे : निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, हाड जुळायला उशीर होतो, जखमही रेंगाळते.

नळीने भरवण्याचे रुग्ण तुमच्याकडे येत असतील तर त्यांच्यासाठी : घरी वाटलेलं फीड दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, आधी-नंतर ३० मिली उकळून गार केलेलं पाणी, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आणि भरवल्यानंतर तासभर तशीच. कच्चं अंडं कधीच नाही. साबुदाणा-नाचणी गार झाली की नळीत घट्ट बसते, गाळून घ्या.

---

गावचा_डॉक्टर

आभार. गुळवेल-झिंक आजच बंद करतो, पीसीव्ही आणि हिब मागवली. आता तापाचं सांगा. आणि नातेवाइकांनी ग्लुटामिनची पावडर आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल विचारल्या आहेत. दुसरं, इथे मलेरिया आहे. ताप आला की आमची पहिली धाव आरडीटीकडे (मलेरियाच्या झटपट तपासणीकडे) असते.

---

शल्यक

मलेरिया तुमच्याकडे आहे म्हणूनच नियम पक्का करा : या रुग्णाला ताप आला तर आरडीटी करायची, पण निकाल काहीही आला तरी अँटिबायोटिक द्यायचं. निगेटिव्ह आली तर ते जीवाणूंसाठी लागतंच, पॉझिटिव्ह आली तरी दोन्ही एकत्र असू शकतात. प्लीहा नसलेल्यांत फॅल्सिपेरम गंभीर होतो. मेलेले परजीवी गाळणारा अवयव नसल्याने औषध लागू पडूनही स्मीअरमध्ये (काचेवरच्या रक्ताच्या नमुन्यात) ते जास्त दिवस दिसत राहतात, त्यामुळे नुसत्या स्मीअरवरून औषध बदलायची घाई नको, रुग्ण कसा आहे ते बघा. गंभीर लक्षणं असतील तर आर्टेसुनेट २.४ मिग्रॅ प्रति किलो, ०, १२ आणि २४ तासांनी, पहिला डोस तुमच्याकडेच देऊन पाठवा. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी रोज, शेतावर मुक्काम असला तरी.

रुग्णाने घरी काय करायचं : ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, किंवा ताप नसतानाही हुडहुडी, जबर अंगदुखी, उलट्या-जुलाब, बरळणं. यांपैकी काहीही झालं की घरात ठेवलेली अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ८७५/१२५ ची (दुकानात तिला '१ ग्रॅमची' म्हणतात) एक गोळी तत्काळ आणि लगेच निघायचं. गोळी घेतली म्हणून घरी थांबायचं नाही. आधी पॅरासिटामॉल घेऊन 'उतरतो का बघू' असं करायचं नाही. यात सकाळचा ताप रात्रीपर्यंत शॉक होऊ शकतो आणि अशा झपाट्याच्या सेप्सिसमध्ये उपचार करूनही निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन ७५०.

तुमच्या दवाखान्यात : साखर तपासा (या सेप्सिसमध्ये ती घसरते), जाड सुई, रक्ताचं कल्चर घेण्याची बाटली असेल तर घ्या, नसेल तर एक मिनिटही थांबू नका. सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम शिरेतून. शीर मिळाली नाही तर लिग्नोकेनमध्ये मिसळून १-१ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. रक्तदाब पडला असेल तर रिंगर लॅक्टेट ३० मिली प्रति किलो, म्हणजे १८०० मिली, पहिल्या तीन तासांत, पहिले ५०० भरभर. कपडे काढून त्वचा बघा, जांभळे डाग असतील तर मेनिंगोकॉकस किंवा डीआयसी (रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडणं). ॲम्ब्युलन्स बोलावून मग इंजेक्शन नाही, इंजेक्शन देऊन मग ॲम्ब्युलन्स. पुढच्या हॉस्पिटलला फोनवर 'प्लीहा काढलेला रुग्ण, ताप' हे पहिल्याच वाक्यात सांगा, व्हॅन्कोमायसिन ते जोडतील.

खिशात ठेवायचं कार्ड, लॅमिनेट करून आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही :

'माझी प्लीहा (स्प्लीन) शस्त्रक्रियेने काढली आहे. ताप असल्यास तत्काळ शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम द्या, तपासण्यांसाठी थांबू नका. मलेरियाची तपासणी करा. दिलेल्या लसी व तारखा : … अ‍ॅलर्जी : … रक्तगट : …'

रोजचं प्रतिबंधक अँटिबायोटिक : पेनिसिलिन व्ही २५० मिग्रॅ दोनदा, ते न मिळाल्यास अमॉक्सिसिलिन २५० मिग्रॅ दोनदा. किती काळ यावर एकमत नाही. प्रौढांत निदान पहिली एक ते तीन वर्षं, कारण धोका तेव्हा सर्वाधिक. ब्रिटनमध्ये जास्त जोखमीच्या रुग्णांना जन्मभर देतात. दीड तासाचा रस्ता बघता तुमच्या रुग्णाला मी तीन वर्षं देईन. मात्र धोका तीन वर्षांनी संपत नाही, वीस वर्षांनीही असा सेप्सिस झालेला आहे. गोळी थांबली तरी कार्ड आणि घरातली '१ ग्रॅमची' गोळी कायम. तिची मुदत दर वर्षी फ्लूच्या लसीच्या दिवशी तपासा.

---

औषध_भांडार

ग्लुटामिन : नको. कल्पना बरोबर होती, इजेनंतर रक्तातलं ग्लुटामिन घटतं आणि लिम्फोसाइटना ते इंधन म्हणून लागतं. पण २०१३ च्या रेडॉक्स चाचणीत अवयव निकामी होत असलेल्या १२२३ रुग्णांत ग्लुटामिन दिलेल्यांचे मृत्यू जास्त झाले, आणि २०२२ मध्ये भाजलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीतही घरी जायचा दिवस लवकर आला नाही. आहार_विभागांनी लिहिलेल्या ताटात डाळ, अंडी, दूध, मासळी यांतून ते येतंच.

प्रोबायोटिक : घरी विरजलेलं दही बिनधास्त. कॅप्सूल नकोत, विशेषतः सॅकरोमायसेस बोलार्डीच्या. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) असलेल्या रुग्णांत ती यीस्ट रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. एका खाटेवर कॅप्सूल उघडली तरी हातांवरून शेजारच्या खाटेच्या लाइनपर्यंत पोहोचते.

---

गावचा_डॉक्टर

एकच शंका उरली. त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या एका रुग्णाची प्लीहा काढली नाही, धमनी बंद करून रक्तस्राव थांबवला. त्यालाही हे सगळं लागेल का?

---

शल्यक

एम्बोलायझेशननंतर प्लीहेचं काम बहुतेक टिकतं, त्यामुळे सरसकट लसी लागत नाहीत. खात्री करायची तर काही आठवड्यांनी साधा रक्ताचा स्मीअर करा आणि पॅथॉलॉजिस्टना हॉवेल-जॉली बॉडीज (लाल पेशींतले केंद्रकाचे कण, एरवी प्लीहा ते काढते) शोधायला सांगा. दिसल्या तर प्लीहा काम करत नाही असं धरा आणि वरचं वेळापत्रक लावा.

तुमच्या भागासाठी आणखी एक : सिकलसेल. विदर्भात त्याचं प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेलच्या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होते. तुमच्या यादीतल्या 'एसएस' (म्हणजे आजार असलेल्या) रुग्णांना शस्त्रक्रिया झालेली नसली तरी याच लसी आणि हेच तापाचं कार्ड लागतं. लसी मागवताना त्यांचीही संख्या धरा.

---

अतिदक्षता_सिस्टर

कुत्रं चावल्याचं राहिलं. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जीवाणू प्लीहा नसलेल्यांत एक-दोन दिवसांत सेप्सिस करतो. म्हणून नुसती रेबीजची लस देऊन घरी पाठवायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची, रेबीजचं जे असेल ते नियमाप्रमाणे, आणि जखम कितीही लहान असली तरी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट त्याच वेळी सुरू. रोजची अमॉक्सिसिलिनची गोळी चालू आहे म्हणून हे टाळायचं नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला 'कुत्रा-मांजर चावल्यास त्याच दिवशी डॉक्टर' ही ओळ लिहून घ्या.